सिदूचा बोकड

"अहो, ती माझी सपिटाची चाळण आहे."

कुमुद मागच्या दारात उभी होती आणि मी अनंताच्या झाडाखाली उकिडवा बसून माती चाळत होतो. गुरुवार होता, मी शाळेत रजा टाकली होती. सकाळचे साडेसहा वाजले असतील. बावीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवलेला माणूस बायकोच्या चाळणीतून परसातली माती चाळताना सापडला, की त्याच्यापाशी सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही. तरी मी म्हटलं, "धुऊन देतो."

"ते कळलं. पण चाळताय कशाला?"

"खडे नकोत म्हणून."

"कशात खडे नकोत?"

मग सांगावंच लागलं. सगळं ऐकून ती पायरीवर बसली, गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे एका म्हाताऱ्या बाईला फसवायचं, आणि तेही बारीक चाळून."

"फसवायचं काय त्यात? तिच्या मनाला तेवढंच समाधान."

"तिच्या मनाला, की तुमच्या वहीला?"

कुमुदचा हा एक वाईट गुण आहे. ती नेमकं बोलते. मी ओंजळभर माती एका स्वच्छ रुमालात बांधली, तो रुमाल पिशवीत ठेवला, एम-एटीला किक मारली आणि कऱ्हाडहून पाटणच्या रस्त्याला लागलो.

ही पंच्याण्णव सालची, फेब्रुवारीतली गोष्ट. इटलीतल्या एका लहानशा गावात ब्रुनेला नावाच्या एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. त्यांच्या गावाबाहेर दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या हिंदुस्थानी शिपायांच्या कबरी होत्या. आपल्याकडच्या हिंदू शिपायांना तिकडे बहुधा अग्नी देत, पण लढाईच्या धांदलीत काहींना होते तिथेच पुरलं गेलं. लढाई संपल्याला आता पन्नास वर्षं होणार होती, आणि दगडावरच्या नुसत्या नावामागे माणूस उभा करायचा असं या बाईंनी मनावर घेतलं होतं. प्रत्येक शिपायासाठी एक पान लिहायचं. तो कुठला, दिसायला कसा, त्याला काय आवडायचं, घरी कोण होतं. माझा एक जुना विद्यार्थी मालवाहू बोटीवर नोकरीला होता. तो फिरत फिरत तिथं पोचला आणि बाईंना माझा पत्ता देऊन मोकळा झाला. सातारा जिल्ह्यातली सात नावं माझ्या वाट्याला आली.

मला या कामाचं वेडच लागलं. रविवार उजाडला की मी वही घेऊन बाहेर पडायचो. सहा घरं शोधून काढली. पण सगळीकडे एकच रडगाणं. कसा होता हो तुमचा माणूस, असं विचारलं, की घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस घसा साफ करून म्हणायचं, "लई गुणाचा हुता. कुणाला उलटून बोलला न्हाई." सहा घरं फिरून माझ्या वहीत सहा देवमाणसं गोळा झाली होती आणि त्यांना एकमेकांपासून ओळखायची काही सोय नव्हती.

सातवा होता शिपाई सिदू बाळा शेडगे. गाव कुसरवाडी, तालुका पाटण. मृत्यू डिसेंबर एकोणीसशे चव्वेचाळीस. वय वीस. त्याची धाकटी बहीण गजराबाई अजून होती. वाडीतच दिलेली, नवरा वारलेला, मुलासुनेजवळ राहणारी. सिदू पलटणीत गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

जानेवारीत मी तिला पहिल्यांदा भेटलो तेव्हा तिनं मला चहा दिला, शेंगा दिल्या, आणि भावाबद्दल एक अवाक्षर सांगितलं नाही. ब्रुनेलाबाईंनी पाठवलेला कबरीचा फोटो तिनं लांब धरून बघितला आणि परत दिला.

"ह्यात नुसती दगडं दिसत्यात. दगडाम्होरं काय बोलू? त्येच्या अंगावरची माती आणा मास्तर, मग सगळं सांगते."

मी तसं ब्रुनेलाबाईंना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की माती पोस्टानं पाठवू देत नाहीत, फार वाईट वाटतं, आणि सगळी पानं फेब्रुवारीअखेर छापखान्यात जायची आहेत. म्हणून ही चाळण.

मी पोचलो तेव्हा गजराबाई अंगणात एका दांडग्या काळ्या बोकडाला हातानं जोंधळा भरवत होती. हातभर दाढी, वळलेली शिंगं, आणि वास असा की एम-एटीचा धूर बरा वाटावा. मी वही बाजेवर ठेवली तर त्यानं तिचा कोपरा चावून टाकला.

"ए मुडद्या, मास्तरांची वही हाय ती," गजराबाई म्हणाली आणि त्याच्या तोंडातून कागद काढून घेतला. मग माझ्याकडे वळली. "आणलीसा?"

मी रुमाल पुढे केला. तिनं आधी हात धुतले, पदर पसरला आणि त्यात तो रुमाल घेतला. गाठ सोडली. बोटानं माती जरा हलवली.

"मऊ हाय," ती म्हणाली. "डोक्याकडची का पायाकडची?"

हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता.

"डोक्याकडची," मी म्हटलं.

ती मला घेऊन आत गेली. रुमाल देव्हाऱ्यात ठेवला, मागच्या बाजूला गेली आणि नेसल्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. आत बसूनही मला तांब्यांचा आवाज येत होता. सुतकाची अंघोळ होती ती. मला ते कळलं, आणि न कळल्यासारखं करून मी पेनाचं टोपण उघडलं.

ओल्या केसांनी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि बोलायला लागली. दुपारपर्यंत थांबली नाही. मी अकरा पानं लिहिली. त्या अकरा पानांत गुणाचा माणूस कुठेच नव्हता. सिदू डावखुरा होता आणि बापाचा मार खाऊनसुद्धा डाव्या हातानंच जेवायचा. पाल बघितली की घरातून बाहेर पळायचा. बहिणीला पोहायला शिकवतो म्हणून त्यानं तिला डोहात ढकललं आणि मग ती बुडते की काय या भीतीनं स्वतःच बोंब ठोकली. आरतीच्या वेळी त्याला हसू यायचं. आईच्या शिंक्यातलं लोणी चोरायचा आणि मांजराच्या मिशांना लावून ठेवायचा. पाटणला भरतीवाल्यांनी छाती मोजली, तेव्हा गुदगुल्या झाल्या म्हणून हा इतका हसला की त्याला दोनदा मोजावं लागलं.

"आणि जायच्या दिवशी?" मी विचारलं.

"जायच्या दिशी वड्यापतुर गेला आन माघारी आला. म्हनला, तंबाकू ऱ्हायली. पुन्ना गेला, पुन्ना आला. म्हनला, म्हशीला सांगायचं ऱ्हायलं. मग तिसऱ्यांदा आला."

"तिसऱ्यांदा कशाला?"

"कशाला न्हाई. नुस्ता अंगनात हुबा ऱ्हायला. आय म्हनली, आता ह्यो जायाचा न्हाई, आन न्हाई गेला तर पलटणीची मानसं धरून नेतील. मग तिनं दार लावून घ्येतलं. आतनं कडी घातली. म्या आत हुती. लई येळ त्येची पावलं वाजंनात. मग वाजली."

मी लिहायचा थांबलो. गजराबाईनं पदरानं चेहरा पुसला आणि ती उठली. अंगणात जाऊन तिनं बोकडाच्या पाठीवर हात ठेवला, आणि गोठ्याकडे तोंड करून मुलाला हाक मारली.

"हणमंता, गुरवाला सांगावा धाड. मंगळवारी बोकड द्यायचा."

हणमंता पेंढी तशीच हातात घेऊन बाहेर आला. चाळिशीचा, रुंद खांद्याचा, शांत गडी. "खरंच?"

"मामा आला न्हवं तुजा," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "मास्तर, तुमी यायचं. तुमी त्येला घरी आणलासा. बोकडावर पयलं पानी तुमच्या हातचं."

हणमंता मला गाडीपर्यंत पोचवायला आला आणि त्यानं सगळं उलगडून सांगितलं. सिदू गेला त्या दिवशी बंद दाराआड उभं राहून आजीनं, म्हणजे सिदूच्या आईनं, निनाई देवीला बोकड बोलला होता. माझा ल्योक घरी आला की तुला बोकड देईन. बोकड लगेच निवडला, त्याच्या कानाला चीर पाडली. मग दीड वर्षानं तार आली.

"समद्या वाडीनं सांगितलं, आता सोड त्येला न्हाईतर इकून टाक. आजी म्हनली, कागुद आलाय, सिदू न्हाई आला. सिदू आला की बगू. त्यो बोकड म्हातारा हून मेला. मग दुसरा ठिवला. आजी मरताना आयला शबुद घालून गेली. ह्यो सातवा बगा. वाडीत तीन पिढ्या ह्या जेवणाची वाट बगत्यात." त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "मास्तर, तुमच्यामुळं आय सुटली."

मला वाटलं होतं, ओंजळभर माती कुठल्या तरी तुळशीत पडेल आणि माझं सातवं पान भरेल. इथं तर अनंताच्या झाडाखालच्या मातीवर एका जिवाची मान ठेवली जाणार होती, आणि देवीच्या दारात एका बाईचा पन्नास वर्षांचा शब्द खोटाच फिटणार होता.

घरी येऊन कुमुदला सांगितलं. तिनं टोमणा मारला नाही, म्हणजे प्रकरण खरोखरच गंभीर होतं.

"उद्या जाऊन सांगून या," ती म्हणाली.

"मंगळवारी लवकर जातो. शांतपणे, एकटीला गाठून सांगतो."

"उद्या जा."

मी उद्या गेलो नाही. सहामाहीचे तपासायचे राहिलेले पेपर मला अचानक फार महत्त्वाचे वाटायला लागले. मी मनाचा मोठा माणूस नाही, हे तोपर्यंत मला नीट माहीत नव्हतं.

मंगळवारी आठलाच कुसरवाडीत पोचलो. गजराबाई धुवट लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली होती. पाच दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं. हणमंतानं मला बाजूला घेऊन सांगितलं की ती जेवत नाही, नुसत्या चहावर आहे, आणि त्या दिवसापासून बोकडाकडे फिरकलेलीसुद्धा नाही. खुंट्याला बांधलेला बोकड तिच्याकडे बघून ओरडत होता. ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"गजराबाई, मला जरा बोलायचं होतं."

"बोला की. पन आदी म्या बोलते." तिनं मला शेजारी बसायची खूण केली. "रोज सांजंला दिवा लावला की म्या वड्याकडं एकदा बगते मास्तर. आय बगायची, म्हनून म्या बगते. परवा बगाया गेले आन मान वळंना. म्हनलं, आता कुनाला बगायचं? आला की घरी." ती हसल्यासारखं करायला गेली. "बरं झालं. सुटले."

एवढं उदास 'सुटले' मी आयुष्यात ऐकलेलं नाही. त्याच क्षणी सांगायला हवं होतं.

"तुमचं काय हुतं?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "ऊन फार आहे आज."

आणि शेपूट घालून मी सगळ्यांबरोबर देवळाकडे निघालो.

निनाईचं देऊळ वाडीबाहेर, जांभळाच्या झाडांत आहे. यात्रा भरल्यासारखी माणसं जमली होती. तीन चुली पेटल्या होत्या, मोठी पातेली चढली होती, बायकांनी खोबरं भाजून मसाला वाटला होता आणि त्याचा वास पार ओढ्यापर्यंत सुटला होता. देवीसमोर एक पाट मांडून त्यावर कोरा फेटा ठेवला होता, आणि फेट्यावर माझा रुमाल. सिदूला बसायला तो पाट. माझं तिकडे बघायचं धाडस होईना.

रामू गुरव ऐंशीला टेकलेला, पण आवाज खणखणीत. त्यानं बोकडाला हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि माझ्या हातात तांब्या दिला.

"पाठीवर घाला मास्तर. त्येनं अंग झाडलं की देवीनं पत्करलं. मग पुढचं आमी बगतो."

मी पाणी घातलं. बोकड तसाच उभा राहिला. नुसता कान हलवला.

"आनखी घाला."

मी आणखी घातलं. पाणी त्याच्या पाठीवरून पोटाखाली ओघळून जमिनीत मुरलं. बोकड झेंडूची माळ खायला लागला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अंग झाडल्याशिवाय बोकडाला हात लावायचा नाही, हा तिथला कायदा, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. पुन्हा पाणी, पुन्हा वाट बघणं. ऊन डोक्यावर आलं. आता उन्हात पाणी वाळतं, आणि माणसाळलेला बोकड पाण्याला बुजत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तांब्या भरताना मी देवीकडे बघायचं टाळत होतो.

शेवटी गुरवानं काठी आपटली. "कुनाचं काय ऱ्हायलंय का? कुनाच्या पोटात काय आसंल तर बोला. देवी अडून बसलीया."

हणमंतानं डोकं खाजवलं. "दोन वर्सांमागं म्या मल्हारपेठच्या खाटकाला ह्येची किंमत इचारली हुती. नुस्ती इचारली. चुकलं." त्याच्या बायकोनं गालावर बोटं लावून कबूल केलं की हे म्हातारं मटण शिजायचं नाही असं तीच चुलीपाशी म्हणाली. एका म्हाताऱ्यानं सांगितलं की लहानपणी तो पहिल्या बोकडावर बसून फिरला होता. प्रत्येक कबुलीनंतर सगळे बोकडाकडे बघत. बोकड माळ संपवून आता पाटावरच्या फेट्याकडे मान लांबवत होता.

"आनखी कोन?" गुरव म्हणाला. त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. त्याला काही ठाऊक नव्हतं. मी पाहुणा म्हणून तो नुसता हसला. मला ते हसू सहन झालं नाही.

"मी," मी म्हटलं.

तांब्या खाली ठेवला.

"ती माती इटलीतली नाही. तिकडून माती येऊ देत नाहीत. ती माझ्या परसातली आहे, कऱ्हाडची. मला सिदूची हकीकत हवी होती म्हणून मी खोटं बोललो."

कुणाची तरी पळी पातेल्यात पडली. हणमंता एक पाऊल पुढे आला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. गुरवानं काठी आडवी धरून त्याला थांबवलं. गजराबाई देवळाच्या पायरीला धरून उभी होती.

"म्हंजी डोक्याकडची न्हवं ती?"

"नाही."

"पायाकडची बी न्हवं?"

"अनंताच्या झाडाखालची."

"मग सिदू?"

"तो तिथंच आहे गजराबाई. तो आलेला नाही."

"न्हाई आला?"

"नाही."

ती मटकन खाली बसली. पदर तोंडावर ओढला. तिचे खांदे गदगदायला लागले. सून धावली. मी शिव्याशापांची वाट बघत उभा राहिलो. ते माझ्या हक्काचेच होते. मग तिनं पदर बाजूला केला, आणि मला दिसलं की ती हसते आहे. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि ती हसते आहे.

"आगं न्हाई आला!" ती सुनेला हलवून म्हणाली. "आजून न्हाई आला त्यो!"

तशीच उठली, तरातरा गेली, बोकडाचं दावं सोडलं आणि त्याच्या गळ्यात हात टाकून पुन्हा खाली बसली. बोकडानं तिचा खांदा चाटला, मग पदराचं टोक तोंडात धरलं. तिनं ते धरू दिलं.

तार आली होती, आईला पेन्शन मिळत होती, दगडावरचं नाव मी स्वतः तिला दाखवलं होतं. तिला सगळं ठाऊक होतं. पण इतकं सगळं होऊनसुद्धा त्या घरात सिदू मेला नव्हता, नुसता यायचा राहिला होता. दोन बायकांनी एक एक बोकड पोसून त्याला पन्नास वर्षं वाटेवर ठेवला होता. लढाईला जे जमलं नाही, ते मी ओंजळभर चाळलेल्या मातीनं करून टाकलं होतं. गेल्या गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी त्याला मारला होता.

गजराबाई डोळे पुसून माझ्याकडे आली. सगळ्या वाडीदेखत तिनं माझा कान धरला आणि चांगला पिळला.

"लाज न्हाई वाटली व्हय मास्तर?"

"वाटते."

"चाळून आणलीसा?"

"हो."

"बायकू काय म्हनली?"

"हेच म्हणाली."

"शानी हाय," ती म्हणाली आणि कान सोडला. मी पिशवीतून वही काढली. ती अकरा पानं फाडून देतो म्हणालो. खोट्यानं मिळवलेली होती ती. तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. माती खोटी हुती. सिदू खरा हाय."

राहता राहिला वाटलेला मसाला. तीन पातेल्यांत पाणी उकळत होतं आणि दीडशे माणसं उपाशी होती. कुणीतरी वांगी आणली, कुणी बटाटे, आणि गजराबाईच्या हुकमावरून ती सगळी मी चिरली. विळीवर बसायची मला सवय नाही. दोन बोटं कापली. कुणी चुकचुकलं नाही. "पन्नास वर्सांचं जेवान," रामू गुरव पत्रावळीवर बसून म्हणाला, "आन पानात वांगं." पण तीनदा रस्सा मागून घेतला त्यानं. हणमंता मला वाढताना बोलला नाही, पण भाकरी मात्र दोन टाकल्या. बोकड जांभळाखाली बसून रवंथ करत होता.

गजराबाई त्यानंतर अकरा वर्षं होती. सातवा बोकड गेल्यावर आठवा मी तिच्याबरोबर जाऊन निवडला. त्याच्या कानाला चीर पाडताना ती दुसरीकडे बघत होती. आता तिच्या माघारी हणमंता दहावा सांभाळतो. कुमुद तिला पुढं बरेचदा भेटली आणि माझ्याविषयी दोघींचं फार लवकर एकमत झालं. पण त्या दिवसाचं एवढंच सांगायचं राहिलं.

जेवणं झाल्यावर आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो होतो. ब्रुनेलाबाईंनी प्रत्येक पानाच्या शेवटी चार ओळी कोऱ्या ठेवल्या होत्या. घरच्यांना कबरीपाशी काही सांगायचं असेल तर ते तिथं लिहायचं, आणि समारंभाच्या दिवशी त्या गावातलं कुणीतरी ते मोठ्यानं वाचणार होतं. बाकीच्या सहा घरांनी 'तुझा आम्हाला अभिमान आहे' असं सांगितलं होतं. मी गजराबाईला विचारलं.

"त्येला ऐकू जाईल?"

"त्याच्या उशापाशी उभं राहून वाचणार आहेत."

ती सावरून बसली. पदर नीट केला. परमुलखातल्या माणसाला पत्र सांगायचं म्हणून तिचा आवाज बदलला, जरा मोठा झाला.

"लिवा. गजरी बरी हाय. तिला सून आली, नातवंडं हायत. म्हसरं बरी हायत. गुरवाचा रामू हाय आजून, दात पडल्यात. वड्यावर आता पूल झालाय, पावसाचं सुदीक येता येतंय."

मी लिहीत होतो. ओळी चारच होत्या, मी समासात उतरलो.

"आणि आईचं?" मी विचारलं. "आई गेल्याचं लिहू?"

तिनं माझ्या मनगटावर हात ठेवून पेन थांबवलं.

"नगा," ती म्हणाली. "लांब हाय, एकला हाय. जिवाला लावून घील. आल्यावर सांगू."